द ग्रीन माइल

अमेरिकन लेखक स्टीफन किंग (जन्म १९४७) यांची देहदंडाच्या कैद्यांवरील कादंबरी आणि तिच्यावरून फ्रँक डॅराबाँट यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट (१९९९). मार्च ते ऑगस्ट १९९६ या काळात ती दरमहा एक अशा सहा पुस्तिकांत निघाली. पहिला भाग बाजारात आला तेव्हा शेवट लिहून झालेला नव्हता. सहाही भाग एकाच वेळी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पेपरबॅक खपाच्या यादीत होते.

तुरुंगातल्या, देहदंडाचे कैदी ठेवलेल्या ‘ई’ ब्लॉकच्या मधल्या वाटेवर जुनाट हिरव्या लिंबाच्या रंगाचे लिनोलियम अंथरलेले आहे. वाट साठेक पावलांची. टोकाला डावीकडे वळले की कैद्यांचे फिरण्याचे आवार, उजवीकडे वळले की विजेच्या खुर्चीची खोली. इतर तुरुंगांत जिला ‘अखेरचा मैल’ म्हणत, ती इथे ‘हिरवा मैल’ झाली. (मराठीत अशा कैद्यांना सरसकट ‘फाशीचे कैदी’ म्हटले जाते, येथे फाशी नसल्याने ‘देहदंड’ हाच शब्द योग्य.) पहारेकऱ्यांचा प्रमुख पॉल एजकोम म्हातारपणी १९३२ सालची हकीकत सांगतो. दोन गोऱ्या मुलींच्या खुनासाठी दोषी ठरलेला जॉन कॉफी हा धिप्पाड कृष्णवर्णीय कैदी हाताच्या स्पर्शाने आजार ओढून घेतो.

कथेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. साउथ कॅरोलायनात १६ जून १९४४ रोजी विजेच्या खुर्चीत मारलेल्या चौदा वर्षांच्या जॉर्ज स्टिनीवर ती बेतली, असे वारंवार सांगितले जाते. तोही कृष्णवर्णीय, त्याच्यावरही दोन गोऱ्या मुलींच्या खुनाचा आरोप. ज्यूरीने सुमारे दहा मिनिटांत निकाल दिला आणि २०१४ मध्ये न्यायालयाने ती शिक्षा रद्दबातल केली. साम्य लक्षणीय आहे, पण किंग यांनी प्रस्तावनेत दिलेली हकीकत वेगळी आहे. झोप येत नसताना ते मनाशी रचत असलेल्या एका गोष्टीत देहदंडाची वाट पाहणारा, हातचलाखी शिकणारा आडदांड कैदी होता. हीच हकीकत ग्राह्य धरणे बरे. स्टिनीची कहाणी कादंबरीची तळटीप म्हणून उरू नये, एवढा मान त्या मुलाला मिळायलाच हवा.

डेलाक्रॉ या कैद्याच्या मृत्यूचा प्रसंग तांत्रिकदृष्ट्या महत्त्वाचा आहे. विजेच्या खुर्चीत कैद्याच्या डोक्यावर बसवलेल्या टोपीतला स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवतात, कारण ओलाव्यातून वीज सहज वाहते. कोरड्या स्पंजाचा रोध फार, त्यामुळे उष्णता तिथेच साठते आणि माणूस जळू लागतो. पर्सी हा पहारेकरी स्पंज मुद्दाम कोरडा ठेवतो. ही निव्वळ कल्पना म्हणता येणार नाही : फ्लॉरिडात १९९० मध्ये जेसी टाफेरोच्या वेळी नैसर्गिक स्पंजाऐवजी कृत्रिम स्पंज वापरला गेला आणि त्याच्या डोक्यातून ज्वाळा निघाल्या.

चित्रपटात (१८९ मिनिटे) टॉम हँक्स पॉलच्या, तर मायकेल क्लार्क डंकन कॉफीच्या भूमिकेत आहेत. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर नामांकने मिळाली, पुरस्कार एकही नाही. काळ १९३५ व स्थळ लुइझियाना असे दाखवले आहे; मात्र तिथे विजेची खुर्ची १९४० नंतरच आली, त्याआधी फाशीच होती.

दुसऱ्यांचे दुःख हरण्यापुरताच अवतरणारा कृष्णवर्णीय, अशी कॉफीवर टीका झाली. दिग्दर्शक स्पाइक ली यांनी ती २००१ मध्ये जाहीरपणे केली. टीकेत तथ्य आहे. वकिलालाही कॉफीचा पूर्वेतिहास सापडत नाही. तो जणू आभाळातून पडलेला.