पारदर्शक पार्श्वभूमी (अंकीय चित्रांतील)

अंकीय चित्रातील मुख्य आकृतीभोवतीचा भाग रंगाने न भरता मोकळा ठेवण्याची पद्धत. असे चित्र वेबपानावर ठेवले की मोकळ्या भागातून पानाचा रंग किंवा मागचे चित्र दिसते. बोधचिन्हे, बटणे आणि वस्तूंची कापून घेतलेली छायाचित्रे यांसाठी ती सर्रास वापरतात. चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा मोकळा भाग करड्या-पांढऱ्या चौकटींनी दाखवला जातो. त्या चौकटी चित्राचा भाग नसतात.

पारदर्शकतेसाठी प्रत्येक पिक्सेलला (चित्र ज्या बारीक ठिपक्यांनी बनते त्यांतील एकाला) तांबडा, हिरवा व निळा या तीन मूल्यांच्या जोडीला ‘अल्फा’ हे चौथे मूल्य दिलेले असते. ० म्हणजे पूर्ण पारदर्शक, १ (आठ बिटांच्या मोजणीत २५५) म्हणजे पूर्ण अपारदर्शक. याच्या जनकत्वाबद्दल दोन मते आढळतात. काही लेखक ते टॉमस पोर्टर व टॉम डफ या संगणक-चित्रण संशोधकांच्या १९८४ च्या शोधनिबंधापासून धरतात. मात्र अल्फा हा रंगांइतकाच चित्राचा अंगभूत घटक मानण्याची कल्पना अ‍ॅल्वी रे स्मिथ व एड कॅटमल यांनी न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९७७-७८ च्या सुमारास मांडली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पोर्टर व डफ यांनी या कल्पनेला चित्रे एकमेकांवर रचण्याचे पद्धतशीर बीजगणित दिले आणि रंगमूल्ये आधीच अल्फाने गुणून ठेवण्याची सोयही मांडली. स्मिथ यांच्या १९९५ च्या टिपणातील मांडणीही साधारण अशीच आहे. अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने १९९५ चा तांत्रिक पुरस्कार या चौघांना मिळून दिला. कल्पनेचे मूळ त्याहून जुने आहे. चित्रपटाच्या फिल्मवर दोन दृश्ये जोडताना नको तो भाग झाकणारी काळी-पांढरी फिल्म पूर्वीपासून वापरली जात असे.

या कामातली खरी कसोटी कडेवर लागते. केस, पाते किंवा गोल आकृतीची कड यांवरच्या पिक्सेलांत आकृती आणि पार्श्वभूमी यांचे रंग मिसळलेले असतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या शुद्ध तांबड्या वर्तुळाच्या कडेचा अर्धा व्यापलेला पिक्सेल २५५, १२८, १२८ असा गुलाबी असतो. पांढरा भाग काढून या पिक्सेलला निम्मा अल्फा दिला, पण रंग तसाच ठेवला, तर काळ्या पानावर तो १२८, ६४, ६४ असा मळकट दिसतो. तेथे १२८, ०, ० हा गडद तांबडा अपेक्षित असतो. आकृतीभोवती फिकट कडा उमटते ती यामुळेच. तिच्यावर उपाय म्हणून कडेच्या पिक्सेलांतून जुन्या पार्श्वभूमीचा रंग वजा करावा लागतो. फोटोशॉप या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पांढरी वा काळी मॅट (कडेत मिसळलेला जुन्या पार्श्वभूमीचा रंग) काढण्याच्या आज्ञा त्यासाठीच आहेत. केवळ खोडरबराने कड पुसल्याने हा दोष जात नाही, उलट आकृती खरवडल्यासारखी दिसते. म्हणून जाणकार मूळ लेअर (चित्राचा स्वतंत्र थर) न पुसता त्यावर लेअर मास्क, म्हणजे कोणता भाग दिसावा हे ठरवणारा काळ्या-पांढऱ्या छटांचा पडदा, लावतात. मास्क काळा असेल तिथे चित्र लपते, पांढरा असेल तिथे दिसते, करडा असेल तिथे अंशतः दिसते, आणि चुकले तरी मूळ चित्र शाबूत राहते. छायाचित्र उघडल्यावर तळाचा लेअर बहुधा पारदर्शकता न स्वीकारणारा असतो. फोटोशॉपमध्ये त्याचे साध्या लेअरमध्ये रूपांतर करावे लागते, तर जिंप या दुसऱ्या चित्रसंपादन सॉफ्टवेअरमध्ये अल्फा चॅनल (अल्फा मूल्यांचा संच) जोडावा लागतो.

कोणत्या स्वरूपात फाइल जतन करावी, यालाही इतिहास आहे. १९८७ च्या जीआयएफ या चित्रफाइलीच्या स्वरूपात पारदर्शकता १९८९ च्या सुधारित आवृत्तीने आली, पण तीत २५६ रंगांपर्यंतच्या तक्त्यातला एकच रंग पारदर्शक ठरवता येतो. अर्धपारदर्शकता नसल्याने कडा करवतीसारख्या दातेरी होतात. जीआयएफच्या संकोचनपद्धतीवरील (फाइलचा आकार लहान करण्याच्या पद्धतीवरील) पेटंटचा वाद १९९४ च्या अखेरीस उफाळला आणि त्यातून पीएनजी हे नवे स्वरूप आकाराला आले. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९६ मध्ये त्याला मान्यता दिली. पीएनजीत पूर्ण अल्फा असून रंगमूल्ये अल्फाने न गुणता ठेवली जातात. ब्राउझरांनी मात्र बराच वेळ घेतला. इंटरनेट एक्सप्लोररच्या सहाव्या आवृत्तीत अर्धपारदर्शक भाग करडा दिसे. २००६ च्या सातव्या आवृत्तीत ही अडचण दूर झाली. छायाचित्रांसाठी रूढ असलेल्या जेपीईजी या स्वरूपात अल्फाच नाही, त्यामुळे त्यात जतन करताच मोकळा भाग एखाद्या रंगाने, बहुधा पांढऱ्याने, भरला जातो. वेबपी व एव्हीआयएफ या नंतरच्या स्वरूपांत अल्फाची सोय आहे.

एक बाब सहज नजरेआड होते. अल्फा शून्य केल्याने पिक्सेलचा रंग पुसला जातोच असे नाही. पीएनजीत तो मागे राहू शकतो, आणि कोणी अल्फा परत वाढवला तर लपवलेला भाग दिसू लागतो. जिंपमध्ये पीएनजी निर्यात करताना पारदर्शक पिक्सेलांचे रंग ठेवावेत की नाही, हा पर्याय दिलेला असतो. झाकायचा मजकूर गोपनीय असेल, तर तो पर्याय बंद ठेवूनच फाइल निर्यात करावी.