चिनी भाषांतलं ‘म्हणे’

तैवानमध्ये मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, बोलणारी माणसं सहज म्हणून जातात, ‘वो ज्वेद शुओ…’. एकेका शब्दाचा अर्थ घेतला तर ‘मला वाटतं बोलणं…’. पण इथे बोलत कुणीच नाही. ‘शुओ’ हे बोलण्याचं रोजचं क्रियापद. या वाक्यात ते फक्त पुढचं वाक्य जोडून घेतं. आपला ‘की’ करतो तेच काम.

मराठी माणसाला याचं नवल वाटू नये. ‘पाऊस होता म्हणून आलो नाही’ यात तरी कोण काय म्हणालं? ‘म्हणणे’ तिथे केवळ कारण सांगायला उरलं आहे.

हे घडतं कसं? चिनीत दोन क्रियापदं सहज शेजारी येतात: ‘त्यानं उत्तर दिलं बोलला, मी येतो.’ उत्तर दिलं म्हणजे बोलणं आलंच, त्यामुळे दुसऱ्या क्रियापदाचा अर्थ पातळ होतो. मग ते ‘वाटणे’, ‘समजणे’ अशा मुक्या क्रियापदांमागेही लागतं. कँटनीजमध्ये, म्हणजे हाँगकाँगकडच्या चिनीत, ‘पाऊस पडतोय’च्या शेवटी खालून वर चढणाऱ्या सुरात ‘वो’ लावला, की झालं ‘पाऊस पडतोय म्हणे’. या ‘वो’त ‘वा’, म्हणजे ‘म्हणणे’, विरघळला आहे असं बरेच अभ्यासक मानतात.

मला सगळ्यांत मोह पडतो तो तैवानी या मँडरिनहून वेगळ्या चिनी बोलीतल्या ‘कोङ्’चा. अर्थ बोलणे, आणि ‘की’सुद्धा. मराठीत क्रियापद शेवटी, म्हणून ‘म्हणून’ सांगितलेल्या गोष्टीच्या मागून येतं. चिनीत क्रियापद आधी, म्हणून ‘शुओ’ आणि ‘कोङ्’ पुढच्या वाक्याच्या तोंडाशी. तरीही ‘कोङ्’ कधीकधी वाक्याच्या अगदी शेवटी सापडतो, ऐकणाऱ्याला अनपेक्षित असं काही ठासून सांगताना. तिथे तो कसा पोचला?

धागा सुरात आहे. चिनी भाषांत शब्दाला स्वतःचा ठरलेला सूर असतो. तैवानीत शब्दाचा मूळ सूर सहसा शब्दसमूहाच्या शेवटच्या जागीच टिकतो. पुढे दुसरा शब्द आला की सूर बदलतो. ‘कोङ्’चा मूळ सूर उंचावरून कोसळणारा, बदललेला सूर उंच आणि सपाट. वाक्याच्या शेवटी असूनही ‘कोङ्’ हा सपाट सूरच लावतो, जणू पुढे अजून काही यायचं आहे. काही भाषाशास्त्रज्ञांच्या मते पुढे खरंच एक वाक्य होतं. ते उचलून ‘कोङ्’च्या आधी नेलं गेलं, आणि त्याची रिकामी जागा सुरात राहिली.