कयाक वहन, ट्रक कँपरच्या छतावरून

पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या आणि हवी तेव्हा उतरवून ठेवता येणाऱ्या निवासी पेटीला ट्रक कँपर म्हणतात. तिच्या छतावर कयाक चढवणे, बांधणे आणि वाहून नेणे हा या नोंदीचा विषय आहे. भारतात ‘कँपर’ या नावाने चार दरवाजांचे पिकअपही विकले जाते. त्याचा येथे संबंध नाही.

पूर्वपीठिका : कयाक ही मूळची आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट, युपिक व अल्यूट लोकांची शिकारी होडी. वाहून आलेल्या लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवत. तिचा काळ निश्चित सांगता येत नाही. ग्रीनलंडमधील साक्काक संस्कृतीच्या स्थळांवर मिळालेल्या सांगाड्यांच्या तुकड्यांवरून ती सुमारे ४,००० वर्षांपूर्वी वापरात असावी, असे मानतात. हे तुकडे आजच्या अर्थाने कयाकचे की केवळ कयाकसदृश होडीचे, हा प्रश्न उरतोच. दुसरे विधान अधिक सुरक्षित वाटते. कातड्याची कयाक एकटा माणूस उचलून नेई, त्यामुळे वाहतुकीचा प्रश्न नव्हता. जर्मनीत आल्फ्रेड हॉयरिख याने १९०५ च्या सुमारास घडीची कयाक तयार केली. रोझेनहाइमच्या योहान क्लेपर याने १९०७ पासून तिचे उत्पादन सुरू केले आणि कयाक पिशवीत भरून आगगाडीने जाऊ लागली. १९५० नंतर फायबरग्लासच्या आणि १९७० नंतर साच्यात फिरवून ओतलेल्या पॉलिएथिलीनच्या एकसंध कयाक आल्या. त्या टिकाऊ निघाल्या, पण घडी होत नसल्याने त्यांना वाहनाचे छत लागले. ट्रक कँपरचा प्रसार मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तर अमेरिकेत झाला.

गोव्यात साळ, शापोरा, मांडवी, तळपण, गालजीबाग या नद्यांच्या मुखांशी आणि पाळोळेसारख्या किनाऱ्यांवर प्रामुख्याने वर बसून वल्हवायची पॉलिएथिलीनची कयाक वापरतात. तिची लांबी ३ ते ३.७ मी., रुंदी ७५ ते ८५ सेंमी. आणि वजन साधारण २० ते ३० किग्रॅ. असते, दोन माणसांची याहून जड भरते. समुद्री कयाक ५ मी.च्या आसपास लांब आणि ५५ ते ६० सेंमी. रुंद असते. पुढील तपशील मुख्यतः पहिल्या प्रकारासाठी आहे.

छताची बांधणी : ३० किग्रॅ. वजन छताला जड नसते. ते कुठे टेकते आणि वारा त्याला कसा ओढतो, यावर सगळे ठरते. कँपरचे छत म्हणजे लाकडाचे किंवा ॲल्युमिनियमचे वासे, त्यांवर पातळ प्लायवूड आणि त्यावर फायबरचा किंवा रबरी पडद्याचा थर. दोन वाशांच्या मधला भाग पाऊस अडवण्यापुरताच असतो. कयाक ज्यांवर टेकते त्या आडव्या पट्ट्यांचे पाय म्हणूनच वाशांवरच यावे लागतात. जेथे तसे येत नाहीत, तेथे आतून धातूची पाटी देऊन बोल्ट घ्यावा. छतावर चढायचे झाल्यास दोन वासे झाकेल अशी प्लायवूडची फळी टाकून तिच्यावर गुडघे टेकावेत. पट्ट्यांच्या पायांखाली आधी ब्युटिल टेप (चिकट रबरी पट्टी) व वरून छताच्या जातीला चालणारे सीलंट लावतात. रबरी छतावर सिलिकॉन नीट धरत नाही, आणि एकदा लागलेले सिलिकॉन पुढच्या दुरुस्तीतही आड येते. खारी हवा लक्षात घेता बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत. ॲल्युमिनियमच्या पट्टीशी त्यांचा थेट स्पर्श झाल्यास मिठाच्या ओलाव्यात ॲल्युमिनियम पांढरी भुकटी सोडत झिजते, त्यामुळे मध्ये नायलॉनचे वॉशर घालतात. दोन आडव्या पट्ट्यांतील अंतर कयाकच्या लांबीच्या एक तृतीयांशाहून कमी नसावे. सौर पत्रे आणि हवेची झडप कयाकच्या सावलीत व मार्गात येणार नाहीत, हे पट्ट्या बसवण्यापूर्वीच पाहावे.

चढवणे : कँपरचे छत जमिनीपासून बहुधा अडीच ते तीन मी. उंच असते. मोटारीच्या टपावर दोघे जण कयाक हाताने ठेवतात, ती रीत येथे चालत नाही. मागच्या शिडीवरून सरकवणे हा सर्वांत परिचित मार्ग, पण शिडीचे बोल्ट सरळ भारासाठी असतात. कयाक तिरकी झाली की ते छतातून ओढले जातात आणि पहिली गळती तेथेच सुरू होते.

बाजूने दोन तिरक्या बांबूंवरून दोरांनी ओढून घेणे अधिक बरे. यासाठी सुमारे साडेतीन मी. लांबीचे दोन सरळ बांबू घ्यावेत. कोकण-गोव्यातील माणगा भरीव व चिवट असल्याने या कामाला उत्तम. ते कँपरच्या कडेला सुमारे ६०° कोनात टेकवून वरची टोके आडव्या पट्ट्यांना बांधावीत. खाली वाळू असेल तर बुडखे फळीवर ठेवावेत, नाहीतर एक बांबू आधी रुततो आणि कयाक त्या बाजूला घसरते. दोन दोरांची एकेक टोके पट्ट्यांना बांधून दोर खाली सोडावेत, कयाकच्या पोटाखालून घेऊन पुन्हा वर न्यावेत आणि छतावरून पलीकडे टाकावेत. ओढणारा पलीकडे जमिनीवर उभा राहतो, दुसरा खालून कयाक सरळ ठेवतो. छतावर कोणी लागत नाही. ३० किग्रॅ. कयाकची ६०° च्या उतारावरील ओढ सुमारे २६ किग्रॅ. भरते. दोर दुहेरी झाल्याने ती निम्मी, म्हणजे १३ किग्रॅ. होते, पण दोर छताच्या कडेवर घासतो, म्हणून प्रत्यक्षात जोर बराच अधिक लागतो. कडेवर प्लॅस्टिक पाइपचा तुकडा बसवल्यास घर्षण घटते आणि सीलंटही वाचते. चढवण्याआधी कयाकची बूच काढून पाणी सांडावे. आत राहिलेले दहा लि. पाणी म्हणजे दहा किग्रॅ. वजन, आणि तेही चढताना एका टोकाला धावणारे. वरून जाणाऱ्या विजेच्या तारा पाहूनच बांबू उभे करावेत. ओला बांबू आणि कार्बनचे वल्हे दोन्ही वीजवाहक असतात.

ठेवण्याची दिशा : तळ खाली, कुशीवर आणि तळ वर, अशा तीन रीती आहेत. कुशीवर ठेवल्यास जागा वाचते, पण उंची सुमारे ८० सेंमी.ने वाढते आणि आडव्या वाऱ्याला मोठा पृष्ठभाग मिळतो. तळ खाली ठेवून पट्टे आवळल्यास पॉलिएथिलीनमध्ये पट्टीच्या जागी खळगा पडतो. उन्हात हे प्लॅस्टिक मऊ पडते, आणि एप्रिल–मे महिन्यांत दुपारभर वाहन उभे राहिले तरी तेवढा वेळ खळगा पडायला पुरतो. तळ वर करून, कयाकच्या जाड कडा फोम गुंडाळलेल्या पट्ट्यांवर टेकवणे हीच गोव्याच्या हवेत सर्वांत निर्धोक रीत. फायबरग्लासची समुद्री कयाक मात्र तिच्या पोटाच्या आकाराच्या खोबणीत तळ खाली ठेवतात. खळगा पडलाच तर कयाक मोकळी करून उन्हात ठेवावी किंवा गरम पाण्याने शेकून आतून दाबावे. तो बहुतेक वेळा भरून येतो.

बांधणे : २५ मिमी. रुंदीचे, दाबबकल असलेले पॉलिएस्टरचे दोन पट्टे पुरेसे होतात. नायलॉन भिजल्यावर ताणते. काथ्याचे सुंभ त्याहून ताणते व तळ खरवडते. रॅचेटचा (दांडा हलवून आवळायचा) पट्टा टाळावा, कारण त्याच्या दांड्याचा जोर हाताला कळत नाही आणि प्लॅस्टिक चेपते. पट्ट्याला एक पीळ दिला की वाऱ्यात तो घुमत नाही. वाहन उन्हात उभे करताना पट्टे सैल करावेत, निघताना पुन्हा आवळावेत आणि पहिल्या दहा-पंधरा किमी.नंतर थांबून हात लावून पाहावेत.

नाळेचा, म्हणजे कयाकच्या पुढच्या टोकाचा, दोर कोठे बांधावा, याविषयी मतभेद आहे. एक मत असे, की तो थेट ट्रकच्या बंपरला किंवा सांगाड्याला बांधावा, म्हणजे छतावरची पट्टी उखडली तरी कयाक रस्त्यावर पडणार नाही. मोटारीच्या बाबतीत हे योग्यच आहे. कँपर मात्र ट्रकचा भाग नसतो, तो तणाव-स्क्रूंनी हौद्यात धरून ठेवलेला असतो. गतिरोधकावर किंवा खड्ड्यात ट्रकचा सांगाडा पिळवटतो, कँपर त्याच्या मागोमाग पण थोडा वेगळा हलतो, आणि या दोहोंना जोडणारा दोर एका क्षणी सैल, दुसऱ्या क्षणी ताठ होतो. प्रत्येक हिसका छतावरच्या बोल्टला बसतो. जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर हळूहळू बोल्ट ढिले होऊन पावसाळ्यात आतल्या बिछान्यावर पाणी ठिबकू लागते. कारण मात्र सीलंटमध्ये शोधले जाते. नाळेचा आणि मागचा, दोन्ही दोर कँपरच्याच कड्यांना बांधावेत, हे मत अधिक पटणारे आहे. जादा सुरक्षितता हवी असल्यास तिसरी आडवी पट्टी बसवावी.

रस्त्यावर : वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, ताशी ६० किमी.वरून ९० वर गेल्यास तो सव्वादोन पट होतो. मांडवीवरील अटल सेतू व जुवारीवरील नवा पूल उंच आणि उघडे असल्याने तेथे खाडीचा वारा कुशीवर ठेवलेल्या कयाकला आडवा धरतो. विजेच्या तारा नियमानुसार रस्त्यावर साडेपाच मी.हून उंच असतात, पण केबलच्या वायरी आणि वाकलेले माड यांना असा नियम नाही. कयाकसह एकूण उंची मोजपट्टीने मोजून चालकासमोर लिहून ठेवावी. चोडण, दिवाडी या बेटांच्या फेरीबोटीवर चढताना ओहोटीला उतार तीव्र होतो आणि कँपरची मागची बाजू धक्क्याच्या काँक्रीटला घासते. भरतीच्या सुमारास जाणे सोयीचे.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९४(१क) नुसार अनुज्ञेय मर्यादेबाहेर पुढे, मागे, बाजूला किंवा उंचीत गेलेल्या मालासाठी २०,००० रु. दंड असून माल उतरवण्याचा खर्चही भरावा लागतो. वाहनाच्या रचनेतील कायम बदल कलम ५२ खाली येतात. ३ मी.ची कयाक बहुतेक कँपरच्या छतावर लांबीत मावते. ५ मी.ची समुद्री कयाक बाहेर येते. तिच्याऐवजी तुकड्यांत सुटणारी किंवा घडीची कयाक हा पर्याय उरतो.