संदेश रक्तातून जातो : संप्रेरकांच्या शोधाची पार्श्वभूमी

रक्ताच्या एका चाचणीवरून अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉइड, मंदावली आहे की अतिरेकी काम करते आहे हे आज सहज कळते. मात्र शरीराच्या एका भागात तयार झालेला पदार्थ (म्हणजेच संप्रेरक) रक्तावाटे दूरच्या अवयवाला काम नेमून देतो, ही कल्पना शास्त्राने मान्य केल्याला जेमतेम सव्वाशे वर्षे झाली आहेत. लालाग्रंथीला स्राव वाहून नेणारी नलिका असते, त्यामुळे तिचे कार्य समजण्यासारखे होते. अवटू, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क (ॲड्रिनल) आणि मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका (पिट्युटरी) या ग्रंथींना अशी नलिकाच नसल्याने त्या कशासाठी आहेत, हे शरीररचनाशास्त्रज्ञांना शतकानुशतके उमगले नाही. पीयूषिका ग्रंथी मेंदूतला कफ नाकावाटे बाहेर काढते, हे प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनच्या परंपरेतले मत तर सतराव्या शतकापर्यंत टिकून होते. एकोणिसाव्या शतकात चेतातंतूंचा, म्हणजे मज्जातंतूंचा, अभ्यास भरभराटीला आला, तेव्हा शरीरातला सगळा ताळमेळ चेतासंस्थाच राखते असे मानणे स्वाभाविकच होते.

या समजुतीला छेद देणारा पहिला स्पष्ट प्रयोग गोटिंगेन येथे आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी १८४९ मध्ये केला. वृषणे काढलेल्या कोंबड्याचा तुरा खुरटतो, तो आरवत नाही आणि झुंजतही नाही. बर्थोल्ड यांनी काढलेले वृषण कोंबड्याच्या पोटात दुसऱ्याच जागी रुजवले, आणि तुरा, आरवणे, झुंजारपणा हे सारे कायम राहिले. मूळचे चेतातंतू तुटलेले असल्याने हा परिणाम रक्तावाटेच झाला असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. निष्कर्ष अचूक होता, पण त्याकडे अनेक दशके जवळजवळ कोणीच लक्ष दिले नाही.

ग्रंथींचे महत्त्व लक्षात आले ते प्रामुख्याने त्यांच्या अभावातून. १८५५ मध्ये लंडनमधील थॉमस ॲडिसन यांनी कमालीचा अशक्तपणा येऊन आणि त्वचा काळवंडून दगावणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी रोगग्रस्त आढळल्या होत्या. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार्ड यांनी दाखवले की या ग्रंथी काढून टाकल्यास प्राणी जगत नाहीत.

त्याहून वेदनादायक धडा शस्त्रक्रियागृहात मिळाला. बर्न येथील थिओडोर कोखर हे गलगंडाच्या, म्हणजे अवटू फुगून गळ्यावर येणाऱ्या सुजेच्या, शस्त्रक्रियेत अतिशय निष्णात होते, आणि त्यांच्या काळजीपूर्वक हातांनी पूर्वी प्राणघातक समजली जाणारी ही शस्त्रक्रिया सुरक्षित केली. परंतु संपूर्ण ग्रंथी काढलेल्या रुग्णांना त्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा पुष्कळांची हालचाल, बोलणे आणि विचार मंदावलेले, चेहरे सुजलेले आणि लहान वयाच्या रुग्णांची वाढ खुंटलेली दिसली. हे निरीक्षण कोखर यांनी १८८३ मध्ये स्वतःच जाहीर केले आणि साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे थांबवले. आपल्याच उपचाराचे दुष्परिणाम असे उघडपणे मांडायला शस्त्रकौशल्याइतकेच धैर्य लागते. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी अवटूच्या अभावाने आजारी असलेल्या एका स्त्रीला मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचला. ती सुधारली, आणि पुढची अठ्ठावीस वर्षे आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथींच्या अर्कावर जगली.

तरीही रासायनिक संदेशाचा निर्विवाद पुरावा मिळायला १९०२ साल उजाडावे लागले. जठरातले आम्लयुक्त अन्न लहान आतड्यात उतरले की स्वादुपिंड पाचकरस सोडते, आणि हे चेतातंतूंच्या प्रतिक्षेपामुळे, म्हणजे आपोआप उमटणाऱ्या प्रतिसादामुळे, घडते असे इव्हान पाव्हलोव्ह यांचे मत होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे सारे चेतातंतू तोडून तिथे आम्ल सोडले, तरीही स्वादुपिंडाने रस सोडला. मग आतड्याचे अस्तर खरवडून, ते आम्लात घोटून आणि गाळून त्यांनी तो अर्क शिरेत टोचला. थोड्याच वेळात रस पाझरू लागला. या पदार्थाला त्यांनी सिक्रेटिन हे नाव दिले. पुढे पाव्हलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतही हाच परिणाम दिसला आणि त्यांनी तो मोकळेपणाने मान्य केला. १९०५ च्या व्याख्यानांत स्टार्लिंग यांनी अशा पदार्थांसाठी हार्मोन हा शब्द वापरला. ‘चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून तो घेतला आहे, आणि मराठीतला ‘संप्रेरक’ त्याच्याशी चपखल जुळतो. मात्र सोमॅटोस्टॅटिनसारखी काही संप्रेरके चालना देण्याऐवजी लगाम घालतात, हे नंतर कळले.

यानंतर शोधांचा वेग वाढला. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मधुमेही मुलाला स्वादुपिंडाचा अर्क टोचला गेला. तो अशुद्ध असल्याने फारसा उपयोग झाला नाही, पण जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीला दिल्यावर रक्तातली साखर ठळकपणे उतरली. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी आदल्या वर्षी सुरू केलेल्या कामाचे हे फळ, म्हणजेच इन्सुलिन.

संप्रेरके सापडली तरी त्यांचे प्रमाण नेमके कोण ठरवते, हा प्रश्न उरला होता. उत्तर एका वर्तुळाच्या रूपात मिळाले. पीयूषिका ग्रंथी अवटूला उद्दीपित करणारे संप्रेरक सोडते, आणि अवटूचा स्राव रक्तात पुरेसा झाला की तोच पीयूषिकेला आवरते. आयोडीन कमी पडले तर स्राव पुरेसा बनत नाही, आवर सुटतो, पीयूषिकेचा तगादा चालूच राहतो आणि अवटू फुगत जाते. कोखर जे गलगंड कापत होते, त्यांतल्या पुष्कळांचे मूळ इथे होते. पण मग पीयूषिकेवर नियंत्रण कोणाचे? तिला मेंदूतल्या अधश्चेतकाकडून (हायपोथॅलॅमसकडून) बारीक रक्तवाहिन्यांतून संदेश मिळतात, असे जेफ्री हॅरिस यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर प्रयोगांतून दाखवले. ते संदेशवाहक रेणू इतक्या सूक्ष्म प्रमाणात असतात की पहिल्याची रचना उलगडण्यासाठी रॉजर गिलमॅन आणि अँड्र्यू शॅली यांच्या गटांना मेंढ्या व डुकरांच्या लाखो मेंदूंचे नमुने लागले. १९६९ मध्ये ती उलगडली, तेव्हा तो रेणू अवघ्या तीन अमिनो आम्लांचा निघाला. ज्या चेतासंस्थेपासून ग्रंथींचे कार्य वेगळे असल्याचे सिद्ध करण्यात अर्धे शतक गेले होते, तिचाच एक भाग रक्तात संप्रेरके सोडतो, हे यातून निश्चित झाले.

इतक्या अल्प मात्रा मोजण्याची सोय रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांच्या किरणोत्सर्गी पद्धतीने झाली. त्यासाठी यालो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले, गिलमॅन व शॅली यांच्यासोबत. बर्सन त्यापूर्वीच वारले होते. याच पद्धतीच्या आधारे १९७० च्या दशकात नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबातून अवटूची उणीव ओळखता येऊ लागली. अशा बाळाला पहिल्या काही आठवड्यांत थायरॉक्सिन हे अवटूचे संप्रेरक सुरू केले, तर कोखर यांनी पाहिलेला मंदपणा आणि खुंटलेली वाढ बहुतांशी टळते.