नांदूर मध्यमेश्वर येथील पक्षीनिरीक्षण

नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळील पक्षी अभयारण्य नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात असून, नदीकाठच्या पायवाटांवरून चालत पाणपक्षी पाहण्यासाठी ते महाराष्ट्रात विशेष प्रसिद्ध आहे. सुमारे 100 चौरस किलोमीटरच्या या परिसराला 1986 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्यातील 1,437 हेक्टर पाणथळ क्षेत्राचा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समावेश झाल्याचे 2020 मध्ये जाहीर झाले आणि ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. राजस्थानातील भरतपूरच्या प्रसिद्ध पक्षी उद्यानावरून ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हे त्याचे लोकप्रिय नाव आहे.

ही पाणथळ जागा मूळची नैसर्गिक नाही. सिंचनासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी येथे बंधारा बांधण्यात आला, नद्यांनी वाहून आणलेला गाळ त्याच्यामागे वर्षानुवर्षे साचत गेला आणि उथळ पाणी, चिखलाचे पट्टे, बेटे व पाणकणीस या उंच पाणवनस्पतीची दाटी असे मिश्र स्वरूप तयार झाले. जलाशय म्हणून ही हानीच म्हणावी लागेल. पक्ष्यांना मात्र तिचाच लाभ झाला, कारण पाण्यात उलटे होऊन तळाचे खाद्य शोधणाऱ्या बदकांना आणि चिखलात चोच खुपसणाऱ्या पाणटिवळ्यांना खोल पाणी निरुपयोगी असते.

निरीक्षणाचा मुख्य हंगाम ऑक्टोबर ते मार्च असा असतो. चापडगावच्या बाजूने काठाकाठाने जाणारी वाट आणि तेथील निरीक्षण मनोरे यांचा वापर सर्वाधिक होतो. वाट दाखवण्यासाठी स्थानिक तरुण मार्गदर्शक म्हणून सोबत येतात. निफाडची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाण्यावर धुके असते, त्यामुळे फार लवकर पोहोचूनही काही काळ केवळ आवाजांवर समाधान मानावे लागते. आठ किंवा दहा पट मोठे दाखवणारी दुर्बीण काठावरील पक्ष्यांना पुरते, परंतु मधल्या बेटांवरील थव्यांसाठी मनोऱ्यावरून स्पॉटिंग स्कोप (तिपाईवर ठेवण्याची अधिक शक्तिशाली एकनळी दुर्बीण) लावावा लागतो.

हिवाळी पाहुण्यांमध्ये चक्रवाक, थापट्या, तलवार बदक आणि चक्रांग ही बदके ठळकपणे दिसतात. थापट्या आपली फावड्यासारखी रुंद चोच पाण्याच्या पृष्ठभागावर टेकवून पुढे सरकतो. अनेकदा पाच-सहा थापटे एकमेकांमागे गोल फिरतात आणि पायांनी ढवळून वर आलेले सूक्ष्म जीव चोचीच्या कडांवरील दातेरी गाळणीतून गाळून घेतात. काठावरच्या पाणकणसात जांभळी पाणकोंबडी लांब बोटांच्या मुठीत देठ धरून त्याचा मऊ गाभा सोलून खाते, आणि वाटेवरून शांतपणे उभे राहणाऱ्याला हा प्रकार दुर्बिणीशिवायही दिसू शकतो. वारकरी पक्ष्यांचा विखुरलेला काळा थवा अचानक एकत्र येऊन दाट होऊ लागला, तर अनुभवी निरीक्षक थव्याकडे न पाहता वर आकाशात पाहतो, कारण दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी जवळ आल्याची ती बहुधा खूण असते. हळदीकुंकू बदक, उघड्या चोचीचा करकोचा, चमचा, शेकाट्या आणि कमळपक्षीही येथे नियमित दिसतात. पाण्याला पाठ फिरवणेही कधीकधी फायद्याचे ठरते: भोवतालच्या हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या शेतांत क्रौंच पक्षी चरताना आढळतात.

कोणत्या दिवशी काय दिसेल हे ऋतूइतकेच पाटबंधाऱ्याच्या वेळापत्रकावर अवलंबून असते. वरच्या गंगापूर, दारणा आदी धरणांतून सोडलेले पाणी या बंधाऱ्यावरून कालव्यांत वळवले जाते. आवर्तनाच्या, म्हणजे सिंचनासाठी ठरावीक पाळीने पाणी सोडण्याच्या, काळात पातळी वाढली की चिखलाचे पट्टे बुडतात आणि चिखलपक्षी दुसरीकडे जातात. पातळी उतरली की ते परततात. त्यामुळे केवळ दिसलेल्या पक्ष्यांच्या याद्यांची तुलना करून पक्षी घटले किंवा वाढले असा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते, आणि नोंद करताना तारखेसोबत पाण्याची पातळीही लिहिणे उपयुक्त ठरते.

गोदावरीच्या प्रवाहात नाशिक शहराच्या खालच्या अंगाला असल्याने सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी येथे पसरते आणि मोकळे पाणी झाकते. उन्हाळ्याकडे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर होणारी गाळपेर (गाळाच्या जमिनीत केली जाणारी पेरणी) हा आणखी एक वादाचा विषय आहे: शेतकऱ्याच्या दृष्टीने ती सुपीक जमीन, तर काठावर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या दृष्टीने तीच विणीची जागा असते.