समुद्राच्या प्रदूषणावरचं चित्र करून घेताना

मच्छीमार सोसायटी असो, शाळा असो, ग्रामपंचायत असो की किनारा साफ करणारं मंडळ, आम्हा चित्रकारांकडे मागणी बहुतेक एकच असते: "समुद्र वाचवा असं एक छान पोस्टर हवं." तेवढ्या मागणीवर चित्र होतं, पण ते वाचून माणसानं उद्या सकाळी नेमकं काय करायचं, हे कळत नाही. म्हणून काम देण्याआधी तीन गोष्टी ठरवून या: चित्र कोण बघणार, ते कुठं लागणार आणि बघणाऱ्यानं कोणती एक कृती करावी. समुद्राबद्दलची बाकीची माहिती आमच्याकडे आहे, पण या तिन्हींची उत्तरं तुम्हीच देऊ शकता.

एक उदाहरण: दुधाच्या पिशवीचा कोपरा

गृहनिर्माण सोसायटीच्या जिन्यात लावायचं चित्र घेऊ. रोज सकाळी घरोघरी दुधाची पिशवी कात्रीनं कापली जाते आणि दीड-दोन सेंटिमीटरचा कोपरा खाली पडतो. पिशवी भंगारात जाते. कोपरा मात्र कुणी वेचत नाही, कारण तो वेचण्याएवढा मोठाच नसतो. मोरीतून किंवा केरातून तो नाल्यात, नाल्यातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात पोचतो. यावर उपाय फुकटचा आहे: कोपरा पूर्ण कापू नका, अर्धी चीर द्या, तो पिशवीलाच लटकत राहू द्या.

या चित्रात मोरी, नाला, खाडी, समुद्र, मासा, कासव असा सगळा प्रवास दाखवायचा मोह होतो. तो टाळावा. ए-थ्री कागदावर दोनच जागा ठेवाव्यात: वर पिशवी धरलेला हात आणि तिला लटकणारा कोपरा, खाली लाटेवर सुटा कोपरा. कोपरा मुठीएवढा मोठा काढावा लागतो, नाहीतर दहा फुटांवरून तो दिसतच नाही. मोठा केला तरी त्याची ओळख जाता कामा नये. त्याला तीन कडा असतात: एक कात्रीनं कापलेली, एक घडीची आणि एक वितळवून चिकटवलेली. ही चिकटवलेली पट्टी आणि छपाईचा तुटका रंग दाखवला, की बघणारा लगेच म्हणतो, "अरे, हा तर दुधाच्या पिशवीचा!" नुसता पांढरा त्रिकोण काढला तर तो होडीचं शीड वाटतो.

काय तरंगतं, काय बुडतं

चित्रात कचरा पाण्यात कुठं दाखवायचा, हे ठरलेलं असतं. दुधाची पिशवी, कॅरीबॅग, बाटलीची बुचं, थर्माकोल आणि पॉलिप्रॉपिलीनचे दोर पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते वर राहतात. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक जड असतं. बूच लावलेली रिकामी बाटली आतल्या हवेमुळे तरंगते, बूच निघालं की भरते आणि तळाला जाते. नायलॉनचं जाळंही बुडतं, पण बोयांमुळे (जाळ्याला बांधलेल्या तरंगत्या गोळ्यांमुळे) पाण्यात पडद्यासारखं उभं राहू शकतं आणि कुणी ओढत नसलं तरी मासे धरत राहतं. सगळा कचरा पाण्याच्या मध्यावर सारखा पसरलेला काढला तर कोळीवाड्यातला माणूस पहिल्याच नजरेत चित्र खोटं ठरवतो. मग त्यातला मजकूरही तो वाचत नाही.

कासव कुठलं, पाणी कुठलं

कोकण किनाऱ्यावर अंडी घालायला येणारं कासव मुख्यतः ऑलिव्ह रिडले. मंडणगड तालुक्यातलं वेळास त्यासाठी सगळ्यांना माहीत आहे. इंटरनेटवरून उचललेल्या चित्रात बहुतेक वेळा दुसरंच कासव असतं. ऑलिव्ह रिडलेचं कवच साधारण ६०-७० सेंटिमीटर लांब, राखाडी-हिरवट आणि वरून पाहिलं तर पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं. मधल्या ओळीच्या दोन्ही बाजूंना खवल्यांच्या बहुतेक सहा ते नऊ जोड्या असतात. चारच जोड्या काढल्या तर ते हिरवं समुद्री कासव होतं. पिवळ्या-तपकिरी नक्षीचे, एकावर एक चढलेले खवले चोचीवाल्या कासवाचे. पाय काढले तर ते जमिनीवरचं कासव झालं. समुद्री कासवाला वल्हीच हवीत.

पाण्याचा रंगही असाच. मुंबई, रायगडच्या किनाऱ्याला गाळामुळे पाणी मातकट-हिरवं असतं. तिथं पारदर्शक निळं पाणी आणि प्रवाळ काढलं तर मुलं म्हणतात, हे आपल्याकडचं नाही. मालवणची गोष्ट वेगळी: तिथलं सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे आणि तिथं प्रवाळ खरोखर आहे. जागा सांगितलीत की रंग ठरतो.

एक आग्रह आम्ही धरतो. जाळ्यात अडकलेलं कासव दाखवायचं असेल तर शेजारी कोळ्याला खलनायक म्हणून उभं करू नये. संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्र शासन २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. जाळं कापणारा हात काढला तर तेच चित्र बंदरावर अभिमानानं लावलं जातं. रडणारी पृथ्वी, अश्रू ढाळणारा मासा आणि रक्तबंबाळ प्राणीही नको. लहान मुलं तोंड फिरवतात आणि मोठ्यांची नजर सरावते.

आकडे टाकताना

"प्लास्टिक विरघळायला ४५० वर्षं लागतात" असं छापू नका. इतकी वर्षं थांबून कुणी मोजलेलं नाही, तो अंदाज आहे. "दर वर्षी ८० लाख टन प्लास्टिक समुद्रात" हा आकडा २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातला. तो २०१० या एका वर्षाचा अंदाज होता आणि त्याचा पल्ला ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन इतका मोठा होता. पोस्टरवर एवढं सगळं मावत नाही. त्यापेक्षा तुमच्याच किनाऱ्यावर एका सकाळी १०० पावलांत वेचलेला कचरा मोजून, तारखेसह तो आकडा द्या. तो कुणीही तपासून पाहू शकतो.

अक्षरं

या विषयात सर्वांत जास्त येणारा शब्द 'किनाऱ्यावर', आणि तोच सर्वांत जास्त बिघडतो. सॉफ्टवेअरची मांडणी देवनागरीसाठी लावलेली नसेल तर 'ऱ्या' तुटून 'किनार्यावर' होतं, वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर हा पर्याय निवडलेला असला की हे टळतं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला तर निरर्थक चिन्हं दिसतात, म्हणून मजकूर युनिकोडमध्येच पाठवा. आणि पाकळीचा 'ल', देठाचा 'श' असलेला मराठी वळणाचा फाँट मागून घ्या. हिंदी वळणाची अक्षरं वाचता येतात, पण परकी वाटतात.

उंचीचा साधा हिशेब: दहा फुटांवरून वाचायचं अक्षर एक इंच उंच हवं. मात्रा-उकार सोडून, शिरोरेषेपासून खाली मोजायचं. ए-थ्रीची रुंदी २९७ मिलिमीटर, म्हणजे एका ओळीत मोठी अक्षरं दहा-बाराच बसतात. मथळा पाच-सहा शब्दांत बसवा. सगळे लोगो मिळून तळाच्या दहाव्या हिश्श्यात राहू द्या.

छपाई आणि भिंत

ए-थ्री चित्र ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३५०८ × ४९६१ पिक्सेलचं असतं, चारी बाजूंचे कापण्यासाठीचे जादा ३ मिलिमीटर त्याशिवाय. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली फाइल दाबली जाऊन लहान होते. डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलनं पाठवा. स्क्रीनवरचा झगझगीत निळा छपाईत जांभळट उतरतो. निळ्यात मॅजेंटा (गुलाबी शाई) हा सायनपेक्षा (आकाशी शाई) निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवला की तो निळाच राहतो.

फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीचा थर दिलेलं कापड. प्लास्टिकविरोधी चित्र त्यावर छापायला आम्ही नकार देतो. बाहेरसाठी सुती कापडावर छपाई, आतसाठी १३० जीएसएमचा (चौरस मीटरला १३० ग्रॅम) कागद. लॅमिनेशन आणि चमकी दोन्ही प्लास्टिकच, ती नकोत. कापड पावसात टिकत नाही हे खरं, म्हणून किनाऱ्यावर कायमचं हवं असेल तर भिंत रंगवा.

समुद्राजवळच्या भिंतीला लोणा धरतो आणि रंग पापुद्र्यानं सुटतो. आधी गोड्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळू द्या, पोपडे खरवडून प्रायमर मारा, मगच बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक रंग. नवा गिलावा २८ दिवस तसाच ठेवा. पावसाळ्यात काम घेऊ नका. १० × ६ फुटांच्या भिंतीवर एक-एक फुटाच्या ६० चौकटी आखल्या की सोसायटीतली मुलंसुद्धा कागदावरचं चित्र उतरवू शकतात.

काम कसं पुढं सरकतं

आधी अंगठ्याएवढी सहा कच्ची चित्रं दाखवतो. त्यातलं एक निवडा. दोघांतिघांना आवडलेली तीन चित्रं एकत्र करायला सांगू नका, तिन्ही मरतात. मग पेन्सिलचं मोठं चित्र. मोठे बदल याच टप्प्यावर सांगा, कारण रंग चढल्यावर कासवाचं तोंड फिरवायचं तर सगळं नव्यानं करावं लागतं. त्यानंतर रंग, शेवटी छापलेला नमुना.

नमुना हातात आला की दहा फुटांवर टांगा आणि चित्राशी संबंध नसलेल्या चार जणांना एकेकटं बोलवा. वॉचमन, दूध टाकणारा, सातवीतली मुलगी, कुणाची तरी आजी. पाच सेकंद दाखवून झाका आणि विचारा, "काय करायला सांगितलंय?" चारपैकी तिघांनी कृती बरोबर सांगितली तर नमुन्यावर सही करा. नुसतं "समुद्र घाण झालाय" एवढंच म्हणाले तर तसं आम्हाला कळवा, आम्ही पेन्सिलच्या चित्रापासून पुन्हा सुरू करू.