एकाच अक्षांशावर दोन हवामानं: समताप रेषेमागचा इतिहास

फेरो बेटांची राजधानी तोर्सहाव्हन आणि सायबेरियातलं याकुत्स्क ही दोन्ही शहरं साधारण ६२ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. सूर्य दोन्हीकडे सारखाच वर चढतो, दिवस सारखेच लहान-मोठे होतात. तरी जानेवारीत तोर्सहाव्हनचं सरासरी तापमान शून्याच्या वर ४ अंश सेल्सिअस असतं आणि याकुत्स्कचं शून्याखाली ३८ अंशांच्या आसपास. जुलैत चित्र उलटतं. याकुत्स्क १९-२० अंशांपर्यंत तापतं, तोर्सहाव्हन ११ च्या पुढे फारसं जात नाही. अख्ख्या वर्षाची सरासरी घेतली तरी दोघांत १५ अंशांच्या जवळपास फरक उरतोच.

अक्षांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, समुद्राचं सान्निध्य, सागरी प्रवाह, वारे ही यादी आपण भूगोलाच्या तासाला पाठ केलेली असते. पण ती तयार व्हायला दोन हजार वर्षं लागली. त्यातला जवळजवळ प्रत्येक घटक तेव्हाच पुढे आला, जेव्हा नुसत्या अक्षांशावर भरवसा ठेवून कुणीतरी तोंडघशी पडलं.

ग्रीकांचा हिशेब सरळ होता. सूर्यकिरण जिथे सरळ पडतात तिथे ऊन जास्त, तिरपे पडतात तिथे कमी. ॲरिस्टॉटलने यावरून पृथ्वीचे पट्टे पाडले: मधला इतका तापलेला की तिथे माणूस राहू शकत नाही, दोन्ही टोकांचे गोठलेले, आणि त्यांच्यामधले दोनच राहण्याजोगे. टॉलेमीने पट्टे आखले ते वर्षातला सर्वांत मोठा दिवस कुठे किती तासांचा असतो यावरून. या मांडणीत हवामान म्हणजे अक्षांश, दुसरं काही नाही. ती टाकाऊ नव्हती. आजही पहिला घटक तोच आहे. पण होसे दे अकोस्ता नावाचा स्पॅनिश धर्मगुरू मार्च महिन्यात विषुववृत्त ओलांडत होता, तेव्हा सूर्य ऐन डोक्यावर असूनही त्याला इतकी थंडी वाजली की अंग शेकायला तो उन्हात येऊन उभा राहिला. ॲरिस्टॉटलच्या सिद्धांताचं आपल्याला हसू आलं, असं त्याने १५९० साली छापलेल्या ग्रंथात लिहून ठेवलं. हसून तो थांबला नाही. पाऊस, बारा तासांच्या लांब रात्री, समुद्र, डोंगरांची उंची आणि वारे अशी कारणं त्याने शोधली. आधुनिक यादीचा पहिला कच्चा मसुदा मला तिथेच दिसतो.

अकोस्ताला थंडी वाजली, इतरांची त्यापायी वसाहतच उठली. १६०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांची एक तुकडी उत्तर अमेरिकेत, आजच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर उतरली. ही पॉपहॅम वसाहत ४४ अंशांच्या किंचित खाली, म्हणजे दक्षिण फ्रान्सच्या रेषेत. हवा तशीच सौम्य असेल असा अंदाज होता. हिवाळा आला तो कडाक्याचा. डिसेंबरातच निम्मे लोक परत गेले आणि पुढच्या वर्षी वसाहत उठली. त्याला दुसरीही कारणं होती, पण त्या हिवाळ्याची तयारी कुणीच केलेली नव्हती. दक्षिणेकडे तर याहून मोठा धक्का बसला. जानेवारी १७७५ मध्ये, तिकडच्या भर उन्हाळ्यात, कॅप्टन कुकला दक्षिण जॉर्जिया बेट बर्फाने झाकलेलं दिसलं. अक्षांश ५४. उत्तर गोलार्धात याच अंशावर उत्तर इंग्लंडची हिरवी कुरणं आहेत.

गणिताच्या बाजूनेही ग्रीक मांडणीला तडा गेला होता. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीने १६९३ मध्ये प्रत्येक अक्षांशाला सूर्याकडून दिवसभरात किती उष्णता मिळते याचं गणित केलं. उत्तर निघालं की २१ जूनच्या सुमारास उत्तर ध्रुवाला मिळणारी रोजची उष्णता, सूर्य ऐन डोक्यावर असतो त्या दिवशी विषुववृत्ताला मिळणाऱ्या उष्णतेच्याही सुमारे सव्वापट असते, कारण तिथे सूर्य चोवीस तास मावळत नाही. मग ध्रुवावर जूनमध्ये रणरणता उन्हाळा का नसतो? हॅलीने उत्तर दिलं ते सहा महिन्यांच्या रात्रीत साचलेल्या थंडीचं. बर्फ बहुतेक ऊन परत फेकतं हा भाग पुढे उलगडला. स्वच्छ ताजं बर्फ ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परावर्तित करतं, खुला समुद्र दहा टक्केही करत नाही. म्हणजे ऊन किती पडतं एवढ्यावर भागत नाही, कशावर पडतं हेही बघावं लागतं.

या सगळ्या हकिगतींत एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे सरासरी. प्रवासी लिहीत ते टोकाचं: अमुक साली नदी गोठली, अमुक दिवशी माणसं उन्हाने मेली. फॅरनहाइटची मोजपट्टी १७२४ ची आणि सेल्सिअसची १७४२ ची, पण नुसता तापमापी असून काय होणार? प्रत्येकाची नळी वेगळी, टांगायची जागा वेगळी, बघायची वेळ वेगळी. जर्मनीतल्या मानहाइमच्या हवामान संस्थेने १७८० पासून ही शिस्त लावली. उरल पर्वतापासून ग्रीनलंडपर्यंत आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सपर्यंतच्या निरीक्षकांना एकसारखी उपकरणं दिली आणि वेळा ठरवून दिल्या: सकाळी ७, दुपारी २, रात्री ९. या तीन वाचनांवरून दिवसाची सरासरी काढताना रात्रीचा आकडा दोनदा धरून चाराने भागायची रीत जर्मनीत पडली आणि ती जवळजवळ विसावं शतक संपेपर्यंत चालली. माझ्या मते या विषयातलं खरं वळण इथे आहे. कुठल्या एका सिद्धांताने जे साधलं नाही ते या कंटाळवाण्या, रोजच्या नोंदींनी साधलं. दोन गावांची तुलना करता येईल असा आकडा पहिल्यांदा हाती आला.

त्या आकड्यांचं काय करायचं हे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हम्बोल्टला सुचलं. १७९९ ते १८०४ या काळात तो दक्षिण आणि मध्य अमेरिका तापमापी हातात घेऊनच फिरला. विषुववृत्तालगतचं कीटो शहर सुमारे २,८५० मीटर उंचीवर असल्यामुळे तिथे बारा महिने हवा गार असते. उंची वाढेल तसं तापमान किती उतरतं याच्या नोंदी तो अँडीजच्या उतारांवर करत गेला. (आजचा ढोबळ आकडा दर किलोमीटरला साडेसहा अंशांचा आहे. आपल्याकडे महाबळेश्वरला मे महिना सुसह्य होतो तो याच हिशेबाने.) १८०२ मध्ये तो पेरूच्या किनाऱ्यावर उतरला. लिमा १२ अंश दक्षिणेला, उष्ण कटिबंधाच्या ऐन आत, आणि तरी तिथे धुकं आणि गारवा. त्याने समुद्रात तापमापी बुडवला. पाणी १६ अंशांच्या आसपास भरलं, या अक्षांशाच्या मानाने कितीतरी गार. किनाऱ्याला लागून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो हे तिथल्या कोळ्यांना पूर्वापार माहीत होतं. हम्बोल्टने ते मोजून जगापुढे ठेवलं.

१८१७ मध्ये पॅरिसमध्ये त्याने ५८ ठिकाणांच्या वार्षिक सरासरी तापमानांवरून एक छोटा नकाशा प्रसिद्ध केला. हॅलीने १७०१ मध्ये चुंबकसूचीचं विचलन (होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती हटते ते) सारखं असलेली ठिकाणं रेषांनी जोडली होती, तीच युक्ती इथे तापमानाला लावली. आज तो नकाशा पाहिला की पहिल्यांदा नकाशा वाटतच नाही. त्यावर किनारे नाहीत, देश नाहीत. अक्षांश-रेखांशांची चौकट, काही गावांची नावं आणि त्यांमधून जाणाऱ्या वाकड्या रेषा, एवढंच. पण त्या वाकडेपणातच सगळं आलं. सूर्य एकटा मालक असता तर समताप रेषा, म्हणजे सारख्या तापमानाची ठिकाणं जोडणाऱ्या या रेषा, अक्षांशांना समांतर धावल्या असत्या. इथे त्या पश्चिम युरोपवर उत्तरेकडे चढत होत्या आणि अमेरिका व आशिया या दोन्ही खंडांच्या पूर्व किनाऱ्यांवर खाली उतरत होत्या. पॉपहॅमच्या वसाहतीला जे झेपलं नाही, ते इथे एका रेषेच्या उतारात दिसत होतं.

बर्लिनचा हवामानशास्त्रज्ञ हाइनरिश डोव्ह याने हे काम पुढे नेलं. त्याने महिन्यामहिन्यांचे नकाशे काढले, कारण वर्षाच्या सरासरीत याकुत्स्कसारख्या जागेचा स्वभाव झाकला जातो. मग प्रत्येक अक्षांशवृत्ताची सरासरी काढून कुठली जागा तिच्यापेक्षा किती वर किंवा खाली आहे हे दाखवणाऱ्या रेषा आखल्या. नॉर्वेच्या किनाऱ्यालगतचा समुद्र जानेवारीत आपल्या अक्षांशाच्या सरासरीपेक्षा २० अंशांहूनही अधिक उबदार असतो आणि ईशान्य सायबेरिया तितकाच विरुद्ध बाजूला. डोव्हचा आणखी एक निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीत, दूर असते जुलैत. तरी साऱ्या पृथ्वीचं मिळून सरासरी तापमान जुलैतच जास्त असतं, जवळपास ४ अंशांनी. कारण जमीन बहुतेक उत्तर गोलार्धात आहे, आणि जमीन पाण्यापेक्षा खूप लवकर तापते.

जमीन आणि पाणी यांतला हा फरक समजायला मुंबई आणि नागपूर पुरेत. अक्षांशांत दोनच अंशांचं अंतर, पण मुंबईत सर्वांत गार आणि सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीत साधारण ६ अंशांचा फरक पडतो आणि नागपुरात १५ च्या आसपास. तेवढंच वजन तेवढंच तापवायला पाण्याला कोरड्या मातीच्या चार-पाच पट उष्णता लागते. शिवाय ऊन पाण्यात खोल शिरतं, लाटा ते आणखी खाली घुसळतात आणि बरीच उष्णता बाष्पीभवनात जाते. समुद्र म्हणून उशिरा तापतो, उशिरा निवतो. आपल्याकडे यात पावसाची भर पडते: सूर्य जूनमध्ये सर्वांत उत्तरेला असतो, पण महाराष्ट्राचा सर्वांत उष्ण महिना मे, कारण जूनमध्ये ढग आणि ओली जमीन आड येतात.

एक हिशेब तरी उरतोच. विषुववृत्ताजवळ जेवढी उष्णता येते तेवढी अवकाशात परत जात नाही, ध्रुवांकडे येते त्याहून जास्त जाते. मग वर्षानुवर्षं एक बाजू तापत आणि दुसरी गोठत का जात नाही? जॉर्ज सिम्पसनने १९२०च्या दशकाच्या अखेरीस येणारं ऊन आणि जाणारा उष्ण किरणोत्सार यांचा अक्षांशवार ताळेबंद मांडला. तेव्हा तो ब्रिटिश हवामान खात्याचा प्रमुख होता, आणि त्याआधी बरीच वर्षं त्याने सिमल्याला भारतीय हवामान खात्यात काम केलं होतं. शिल्लक उष्णता वारे आणि समुद्र मिळून ध्रुवांकडे वाहून नेतात, आणि किती नेतात, हे त्या ताळेबंदातून काढता आलं. हे भारतीय खातं १८७५ मध्ये हेन्री ब्लॅनफर्डच्या हाताखाली सुरू झालं. त्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात आणि देशभरच्या तापमानाच्या जुन्या नोंदी पुण्यातच सांभाळल्या जातात.

वारे किती नेतात आणि समुद्र किती, यावर मात्र वाद चालू आहे. पश्चिम युरोपची ऊब गल्फ स्ट्रीम या अटलांटिकमधल्या उष्ण प्रवाहामुळे, हे अमेरिकी नौदल अधिकारी मॅथ्यू मॉरीने १८५५ मध्ये लोकांच्या मनावर इतकं बिंबवलं की आपल्या पुस्तकांतही तेच येतं. २००२ मध्ये हवामानशास्त्रज्ञ रिचर्ड सीगर आणि सहकाऱ्यांनी एका लेखात त्याला आव्हान दिलं. त्यांच्या मते हिवाळ्यातला बराचसा फरक समुद्राने उन्हाळ्यात तिथेच साठवलेल्या उष्णतेमुळे आणि रॉकी पर्वतांमुळे वळलेल्या वाऱ्यांमुळे पडतो. प्रवाहाचा वाटा त्या मानाने कमी. सगळ्यांना हे पटलेलं नाही. मलाही प्रवाहाला पूर्ण बाजूला काढणं पटत नाही, पण एकाच कारणावर सगळं टाकायची सवय त्या लेखाने मोडली हे चांगलं झालं.

आज तापमानवाढीचे जे नकाशे छापून येतात त्यांची रीत डोव्हचीच आहे: सरासरीपासून किती हटलो ते दाखवायचं. फरक इतकाच की डोव्हची सरासरी अक्षांशाची होती, आताची त्याच जागेच्या मागच्या ठराविक वर्षांची असते. या नकाशांत १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या जवळजवळ चौपट वेगाने तापताना दिसतो, आणि बर्फ वितळून उघडा पडलेला काळा समुद्र हे त्याचं एक मोठं कारण आहे. त्याच नकाशात ग्रीनलंडच्या दक्षिणेला अटलांटिकचा एक तुकडा गेल्या शतकभरात उलट गार झालेला दिसतो. उष्ण पाणी उत्तरेला आणणारं अभिसरण मंदावतंय, असं काही शास्त्रज्ञ त्यावरून म्हणतात. काहीजण वारे आणि ढगांकडे बोट दाखवतात. अभिसरण थेट मोजणारी उपकरणं २६ अंश उत्तरेवर बसली ती २००४ मध्ये, त्यामुळे सलग नोंद अजून फार थोड्या वर्षांचीच आहे.